आवाराची किल्ली

सोलापुरात शाळेचे नाव सांगितले की पुढचा माणूस पेठ ओळखतो, आणि पेठ कळली की ती शाळा कोणत्या समाजाने उभी केली याचा अंदाजही बहुधा बरोबर निघतो. पूर्व भागात पद्मशाली समाजाची कुचन प्रशाला आहे, तर रविवार पेठेत आर्य समाजाच्या परंपरेतले दयानंद संकुल. उमाबाई श्राविका विद्यालय जैन समाजाचे, पानगल हायस्कूल उर्दू माध्यमाचे, आणि मेरी बी. हार्डिंग व वोरोनोको ही नावे अमेरिकन मिशनच्या काळातून आलेली. या शाळांचे निकाल, शिष्यवृत्त्या आणि नामवंत माजी विद्यार्थी यांची नोंद स्मरणिकांमध्ये असते. इमारतींच्या मधोमध जी जागा उरते, म्हणजे मैदान, व्हरांडा, पाण्याची टाकी, सभागृह आणि फाटक, तिचे वर्णन मात्र कुठे सापडत नाही. वास्तविक पेठेचा आणि शाळेचा संबंध याच जागेत ठरतो.

या जागेला इतके महत्त्व का आले हे घरांवरून समजते. 1860 मध्ये सोलापूरला रेल्वे आली आणि 1877 मध्ये मुरारजी गोकुळदासांची कापड गिरणी निघाली, तीच पुढे जुनी गिरणी म्हणून ओळखली गेली. तेलंगणातल्या पद्मशाली विणकरांची कुटुंबे इथे येत राहिली. कन्नड बोलणारा लिंगायत समाज सिद्धेश्वराच्या या गावात आधीपासून होता. गुजराती आणि मारवाडी व्यापारी सुतामागे आले. दखनी उर्दू बोलणाऱ्या कारागिरांच्याही वस्त्या होत्या. नगरपालिका 1852 पासूनची, पण मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांत सगळ्यांना शिकवणे तिच्या आवाक्याबाहेरचे होते. ते काम समाजांनी आपापल्या अंगावर घेतले.

पूर्व भागातल्या विणकराच्या घरात पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत संसार अशी मांडणी पिढ्यान्‌पिढ्या चालली. हातमाग जाऊन यंत्रमाग आला तेव्हा आवाज वाढला, जागा तेवढीच राहिली. बाया घरात कांड्या भरतात, दुसऱ्या घरी उंबऱ्यात बसून विड्या वळतात. अशा घरात मुलाला पाटी मांडायला कोपरा मिळत नाही आणि खेळायला अंगण तर नाहीच. एप्रिलात पारा चाळिशीच्या वर गेला की पत्र्याखाली बसवत नाही. मग कडुनिंबाखालचे शाळेचे आवार हेच सगळ्या पेठेचे अंगण होते. धर्मसंस्थांनी ही आवारे बांधली ती आपल्या मुलांना आपले संस्कार मिळावेत म्हणून. पेठेने ती वापरली आपल्या गरजेप्रमाणे.

यातला मिशनचा प्रवाह सर्वांत जुना. बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी 1813 मध्ये मुंबईत उतरले, 1831 मध्ये अहमदनगरला त्यांचे केंद्र झाले आणि 1860 च्या दशकात ते सोलापुरात आले. रेव्ह. चार्ल्स हार्डिंग हे इथल्या आरंभीच्या मिशनऱ्यांपैकी एक. चर्च, बंगला, मुलींची शाळा, वसतिगृह आणि विहीर असे सगळे एकाच कुंपणात घालण्याची मिशनची रीत होती आणि लोक त्या सगळ्याला मिळून कंपाउंड म्हणत. 1899-1900 च्या दुष्काळानंतर मराठी मुलखातल्या मिशनकेंद्रांवर अनाथ मुलांची संख्या एकदम वाढली. त्यात अगदी लहान मुलेही होती. त्यांना अक्षरे शिकवण्याआधी नुसते बसायला, खायला आणि खेळायला शिकवणे भाग होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोलापुरात मिस मेरी बी. हार्डिंग यांच्या नावाशी जोडलेली बालशाळा आणि बालशिक्षिकांचा प्रशिक्षणवर्ग उभा राहिला, त्याची ही पार्श्वभूमी. अमेरिकन बोर्डाच्या स्त्रिया त्या काळात जगभर हेच काम करत होत्या. जपानमध्ये कोबे शहरात ॲनी हाऊ यांनी 1889 मध्ये काढलेली बालशाळा त्यातलीच.

या बालशाळांचा मूळ आराखडा फ्रेडरिक फ्रोबेल या जर्मन शिक्षकाचा. त्याने 1840 मध्ये आपल्या शाळेला किंडरगार्टन हे नाव दिले आणि त्यात बागेइतकीच महत्त्वाची ठरली ती खेळसाहित्याची मालिका. पहिल्या संचात लोकरीचे सहा रंगीत चेंडू, दुसऱ्यात लाकडी गोल, घन आणि दंडगोल. तिसरा संच दिसायला सर्वांत साधा, पण अख्खी पद्धत त्यात सामावली आहे. सरकत्या झाकणाच्या एका लाकडी डबीत एकसारखे आठ लहान घन ठासून बसवलेले असतात आणि ते मिळून एक मोठा घन होतो. डबी उघडण्याची रीत ठरलेली. मुलाने ती टेबलावर उलटी ठेवायची, झाकण खालून हळूच सरकवून काढायचे आणि मग डबी सरळ वर उचलायची. आठ तुकडे सांडत नाहीत, समोर अखंड घन उभा राहतो. मुलाला आधी पूर्ण वस्तू दिसावी, मग तिचे भाग, यासाठी हा खटाटोप. खेळ संपला की तुकडे पुन्हा घनात रचायचे, त्यावर डबी घालायची, झाकण सरकवायचे आणि मगच डबी सुलटी करायची. एक तुकडा जरी वाकडा बसला तरी झाकण लागत नाही. मुलाची चूक बाईंना सांगावी लागत नाही, डबीच सांगते.

मधल्या वेळात काय करायचे यालाही शिस्त होती. आठ घनांतून खुर्ची, विहीर, पूल अशा ओळखीच्या वस्तू करायच्या, नक्षी मांडायची, किंवा अर्धे, पाव, अष्टमांश मोजायचे. एका आकारातून दुसरा आकार करताना सगळे मोडून पुन्हा सुरू करायचे नाही, एकेक घन सरकवत नवा आकार गाठायचा आणि एकही घन बाजूला उरू द्यायचा नाही. फ्रोबेल श्रद्धाळू होता. सृष्टीत सर्व गोष्टी एका ईश्वरी ऐक्यात बांधलेल्या आहेत हे त्याचे तत्त्वज्ञान त्याने लाकडाच्या आठ तुकड्यांत भरले. मिशनला ही पद्धत का मानवली याचे उत्तर त्यातच आहे. धर्म शिकवला जात होता, पण मुलाच्या हाती मात्र खेळणेच होते. एकोणिसाव्या शतकातल्या सगळ्या मिशनरी साहित्यात इतकी निरुपद्रवी आणि इतकी चतुर वस्तू दुसरी नसावी.

या पद्धतीला जागाही विशिष्ट लागते. टेबले बुटकी, त्यांवर एकेक इंचाच्या चौकटी आखलेल्या, म्हणजे घन कुठे ठेवायचा हे डोळ्यांना कळते. खोलीच्या मधोमध फरशीवर एक मोठे वर्तुळ. मुलांनी त्यावर उभे राहायचे, हात धरायचे, गाणे म्हणायचे. वर्तुळात पुढचा बाक नसतो आणि मागचाही नसतो. जातीनिहाय ओळी लावायची सवय असलेल्या समाजात हे वर्तुळ अनेक प्रवचनांपेक्षा जास्त बोलके होते. बाहेर प्रत्येक मुलाला बागेचा एक छोटा वाफा आणि कडेने सगळ्यांचा मिळून सामाईक वाफा, अशीही फ्रोबेलची योजना. सोलापूरच्या उन्हात आणि इथल्या पाण्याच्या हिशेबात बागेचा भाग सर्वांत अवघड. ज्या गावात पिण्याचे पाणी जपून वापरावे लागते तिथे वाफ्याला रोज पाणी देणे हा कुणाच्या तरी नोकरीचा भाग करावा लागतो.

ही सामग्री महाग आणि परकी आहे हा आक्षेप पुढे मराठी आणि गुजराती बालशिक्षणातूनच आला. गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर काढले. ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या आणि 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. त्यांनी मॉन्टेसरी पद्धत घेतली, पण 1945 मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या तेव्हा साहित्य गावातलेच वापरायचे यावर त्यांचा भर होता. त्या आणि अनुताई वाघ यांनी मुलांना शाळेत आणण्याऐवजी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. सोलापूरच्या विणकर पेठांना हा मार्ग सोयीचा नव्हता, कारण नेण्यासारखे अंगणच तिथे नव्हते. त्यामुळे इथे मुलांनी शाळेच्या आवारात यायचे ही जुनीच व्यवस्था टिकली.

मिशनच्या वाट्याला याच शहरात एक वेगळे कुंपणही आले. गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांच्यावर जन्मतःच शिक्का मारला गेला त्या कैकाडी, पारधी आणि इतर जमातींची मोठी वसाहत, म्हणजे सेटलमेंट, सोलापुरात होती आणि काही काळ तिची व्यवस्था अमेरिकन मिशनकडे होती. मोठी माणसे गिरण्यांत कामाला जात, मुलांना शाळा सक्तीची होती आणि हजेरी सगळ्यांना. शाळेचे कुंपण आणि तुरुंगाचे कुंपण यांत फरक इतकाच की शाळा सुटते. सेटलमेंटमध्ये तो फरक पुसला गेला होता. मिशनने तिथे शिक्षण आणि रोजगार दिला हे खरे आहे, आणि ते तारेच्या आत दिले हेही तितकेच खरे. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला. सेटलमेंट फ्री कॉलनी हे नाव आजही शहराच्या नकाशावर आहे.

जैन समाजाची आवारे दुसऱ्या धाटणीची. सोलापूर हे दिगंबर जैन विद्येचे मोठे केंद्र. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी इथे जैन संस्कृती संरक्षक संघ स्थापला आणि 1944 मध्ये आपली सुमारे दोन लाखांची सगळी मालमत्ता त्याला देऊन टाकली. जीवराज जैन ग्रंथमालेची संशोधित प्राकृत आणि संस्कृत पुस्तके त्यातून निघाली. उद्योगपती वालचंद हिराचंद याच शहरातल्या दिगंबर जैन घरात 1882 मध्ये जन्मले. स्त्रियांसाठीचे काम श्राविका संस्थेने केले, आणि तिच्याशी पंडिता सुमतीबाई शहा यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना शिकवून पायावर उभे करणे हा अशा श्राविकाश्रमांचा आरंभीचा हेतू, शाळा त्याच्या पोटातून वाढल्या.

इथे धर्म सर्वांत ठळक दिसतो तो घड्याळात. सूर्यास्तानंतर अन्न घ्यायचे नाही हा नियम पाळायचा तर वसतिगृहातले संध्याकाळचे जेवण हिवाळ्यात साडेपाचच्या सुमारास उरकावे लागते. मग खेळ त्याआधी आणि अभ्यास त्यानंतर. दिवसाची अख्खी मांडणी स्वयंपाकघर ठरवते. पाणी गाळून घ्यायचे असते, म्हणून भांड्याच्या तोंडाला दुहेरी फडके लागते आणि गाळलेल्या पाण्यातले जीव मूळ ठिकाणी परत सोडण्याची काळजी घेतली जाते. बाहेरच्या मुलींना हे जाचक वाटू शकते. मात्र ज्या मुलीला घरी कांड्या भरायला बसवले जाते तिला ठरल्या वेळी जेवण आणि ठरल्या वेळी अभ्यास मिळणे ही चैन आहे.

दयानंद संकुलामागे एका सत्याग्रहाचा इतिहास आहे. आर्य समाज 1875 मध्ये मुंबईत स्थापन झाला. त्याच वर्षी स्वामी दयानंदांनी पुण्यात व्याख्याने दिली. पहिली डीएव्ही, म्हणजे दयानंद अँग्लो-वेदिक, शाळा मात्र 1886 मध्ये लाहोरला निघाली. महाराष्ट्रात शाहू महाराजांनी 1919 मध्ये कोल्हापूरचे राजाराम कॉलेज आर्य समाजाच्या हाती सोपवले होते. सोलापूरची पाळी आली ती निजामामुळे. हैदराबाद संस्थानात आर्य समाजाची मंदिरे, सभा आणि हवनकुंड यांवर निर्बंध होते. सोलापूर ब्रिटिश मुलखात, निजामाच्या हद्दीला लागून आणि रेल्वेवर, म्हणून डिसेंबर 1938 मध्ये लोकनायक बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखाली इथे आर्य परिषद भरली आणि 1939 च्या सत्याग्रहाचे ते प्रमुख ठाणे झाले. ऑगस्ट 1939 मध्ये सत्याग्रह मिटला. 1940 मध्ये डीएव्ही संस्थेचे महाविद्यालय सोलापुरात सुरू झाले. मोगल बादशहांच्या धार्मिक धोरणावर ग्रंथ लिहिणारे इतिहासकार श्रीराम शर्मा त्याचे प्राचार्य होते. पुढे कला-विज्ञान, वाणिज्य, विधी, शिक्षणशास्त्र आणि दयानंद काशिनाथ आसावा प्रशाला असा विस्तार होत गेला. शिपाई म्हणून काम केलेले सुशीलकुमार शिंदे याच महाविद्यालयात शिकले.

ज्या हवनकुंडासाठी माणसे तुरुंगात गेली त्याची रचना स्वामी दयानंदांनी संस्कारविधीत मापांसह दिली आहे. वरचे तोंड चौरस, खोली तोंडाच्या बाजूइतकीच आणि तळ बाजूच्या चौथाई. म्हणजे तोंड सोळा अंगुळे असेल तर तळ चार. उलट्या पिरॅमिडच्या या आकारात समिधा आपोआप मध्यभागी सरकतात आणि थोड्या तुपात आग धरून राहते. मूर्ती नाही, गाभारा नाही. जातीची किंवा बाईमाणसाची आडकाठी नाही, कुणीही बसून आहुती द्यावी. याचा वास्तूवर जो परिणाम होतो तो सहसा ध्यानात घेतला जात नाही. यज्ञशाळेला धुरासाठी भिंती उघड्या ठेवाव्या लागतात आणि आग विझली की तिथे उरतो तो नुसता चार खांबांचा मांडव. अशी जागा वर्गाला, वक्तृत्व स्पर्धेला, रक्तदान शिबिराला किंवा पावसात अडकलेल्यांना लगेच देता येते. सोवळे सांभाळण्याचा प्रश्नच येत नाही.

बाकी आवारांचा वापर सणवारांवरून कळतो. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा पूर्व भागातल्या शाळांची लेझीम आणि झांज पथके त्यात असतात. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा होम मैदानावर भरते. एरवी तेच मैदान पोरांचे क्रिकेटचे. शाळांच्या वर्गांत निवडणुकीला मतदान केंद्रे बसतात आणि पावसाळ्यात वस्तीत पाणी शिरले की गाद्या घेऊन माणसेही येतात.

हे सगळे चालते ते एका माणसावर, आणि तो म्हणजे शिपाई. मुख्याध्यापक बदलतात, संस्थेचे चिटणीस निवडणुकीने येतात-जातात, किल्ल्यांचा जुडगा शिपायाकडे राहतो. सकाळची शाळा असेल तर सहाला तो फाटक उघडतो. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, त्यामुळे कोणत्या वारी टाकी भरायची आणि ते पाणी पुढच्या पाळीपर्यंत कसे पुरवायचे हा त्याचा हिशेब. पोषण आहाराचा तांदूळ उतरवून घेणे, घंटा देणे, भांडणारी मुले सोडवणे, दुपारी कुणाची आई डबा घेऊन आली तर तिला सावलीत बसवणे ही त्याच्या कामाच्या यादीत नसलेली कामे. रविवारी पेठेतल्या लग्नाला मैदान द्यायचे की नाही हे संस्था ठरवते, पण मांडववाल्याने खड्डे बुजवले की नाही हे तोच बघतो. संध्याकाळी मोठ्या पोरांना खेळायला अर्धा तास जास्त मिळतो तो त्याच्या मर्जीवर. कोणता मुलगा कोणत्या घरचा हे त्याला हजेरीपटाशिवाय ठाऊक असते. आवार पेठेला खुले आहे असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा प्रत्यक्षात अर्थ एवढाच असतो की किल्ली अशा माणसाकडे आहे.

पहिली अडचण हीच, की शिपायाची जागा आता संपत चालली आहे. 11 डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांमधली शिपाई संवर्गातली पदे नव्याने न भरता त्याऐवजी शाळेला ठोक शिपाई भत्ता देण्याचे ठरले. जुना शिपाई निवृत्त झाला की त्याच्या जागी भत्त्यात बसेल तेवढ्या वेळेचा माणूस येतो. तो झाडलोट करील, घंटाही देईल. रविवारी येऊन फाटक उघडणे त्याच्या पैशात बसत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतला अत्याचार उघडकीस आल्यावर सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांच्या पडताळणीची सक्ती झाली. मुलांच्या सुरक्षिततेसाठी ते आवश्यकच होते. पण शिपाई नसलेल्या शाळेत त्याचा सोपा अर्थ फाटकाला कुलूप असा होतो, आणि पेठेची पोरे रस्त्यावर राहतात.

दुसरी अडचण पटाची. शिक्षकांची संख्या संचमान्यतेत पटावरून ठरते. पट घटला की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि दुसरीकडे पाठवला जातो. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणारे पालकही आता इंग्रजी माध्यम मागतात. भाषेसाठी काढलेल्या शाळांतून ती भाषा आधी बाहेर पडते. संस्थाही मग त्याच आवारात विनाअनुदानित इंग्रजी शाळेची इमारत बांधतात. ती बांधायला जागा लागते आणि ती जागा मैदानातूनच जाते.

तिसरी अडचण कायद्याची, आणि ती आवाराच्या मूळ प्रश्नाला हात घालते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने परिसर शाळेची, म्हणजे घरापासून ठरावीक अंतरातल्या शाळेची कल्पना आणली. महाराष्ट्राच्या नियमांत ते अंतर पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर आहे. याच कायद्याच्या अनुसूचीत मैदान हवे म्हटले आहे आणि भिंत किंवा कुंपणही हवे म्हटले आहे. खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या पंचवीस टक्के जागा परिसरातल्या वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या. 2014 मध्ये प्रमती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून पूर्ण वगळले, कारण राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या शाळा चालवण्याचा हक्क दिला आहे.

सोलापुरात याचे परिणाम गुंतागुंतीचे होतात. ख्रिस्ती आणि मुस्लिम संस्था धार्मिक अल्पसंख्याक, तेलुगू आणि कन्नड संस्था भाषिक, आणि जैन समाजाला 2014 मध्ये केंद्राने अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. आर्य समाजाची गोष्ट तर मजेशीर आहे. 1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंजाबपुरता त्याला अल्पसंख्याक मानले, कारण तिथे हिंदूच अल्पसंख्य आहेत. टी. एम. ए. पै प्रकरणाने 2002 मध्ये हा दर्जा राज्यागणिक ठरतो असे स्पष्ट केले. म्हणजे एकाच संस्थेच्या जालंधरच्या फाटकाला एक नियम आणि सोलापूरच्या फाटकाला दुसरा. शेजारच्या दोन शाळांपैकी एकीला पेठेतल्या गरीब मुलासाठी जागा राखून ठेवणे बंधनकारक आणि दुसरीला नाही, असे चित्र एका गल्लीतही दिसू शकते. ज्या संस्थांनी कायदा नसताना पेठेला आवार दिले त्यांना आता कायद्याने न देण्याची मुभा आहे. काही संस्था ती वापरतात, काही वापरत नाहीत.

1 सप्टेंबर 2025 रोजी अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने 2014 च्या निकालाबद्दल शंका व्यक्त केली आणि सरसकट सूट योग्य होती का हा प्रश्न मोठ्या पीठापुढे नेण्यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवला. त्याच निकालाने अल्पसंख्याक नसलेल्या शाळांमध्ये सेवानिवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांना टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. अनेक वर्षे शिकवणाऱ्या बाई आणि सर सध्या त्या परीक्षेच्या अभ्यासाला लागले आहेत. न्यायालयाने सूट काढली तर वर्गातल्या जागा मिळतील, मैदानाच्या वापराबद्दल कायद्यात एक ओळही नाही. ते संस्थेच्या कार्यकारिणीच्या बैठकीत ठरते, आणि रविवारी फाटक उघडणाऱ्याचा पगार कोण देणार हा विषय त्या बैठकीत आधी घ्यावा लागतो.